वैजूची भूक

मेहरूण, जळगाव
३ फेब्रुवारी १९९७

ती. गं. भा. अक्कास,
लीलाधरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ दोन्ही पोचलं. पत्र मला मिळालं, तिळगूळ वैजूला. पुडीचा कागदसुद्धा तिने चाटून टाकला. हे मी गमतीने लिहायला बसलो होतो, पण लिहून झाल्यावर त्यात गंमत दिसत नाही, म्हणून आता सरळच लिहितो.

वैजूला आठवं सरलं. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती गुटगुटीत होती आणि तू मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली होतीस. आता दृष्ट लागावी असं काही उरलेलं नाही. तिचं वजन तिच्या आईच्या, कुंदाच्या वजनाला येऊन टेकलं आहे. शाळेचा रिक्षावाला तिला कडेला बसवत नाही, रिक्षा कलते म्हणतो, आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की मधली सुट्टी व्हायच्या आत ती दुसऱ्यांचे डबे उघडते. बाई भल्या आहेत, खालच्या आवाजात सांगत होत्या, पण माझी मान वर होईना.

परवा शेजारच्या शालिग्रामच्या मळ्यावर भरिताची पार्टी होती. सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं. वैजू पहिल्या पंगतीला जेवली, दुसऱ्या पंगतीला पण जेवली, आणि मग दिसेना. शोधलं तर मळ्याच्या मागे, उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या तिथे बसलेली. मी तिला उचललं तेव्हा ती रडली नाही. तोंडातलं चावत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

कुंदाने स्वयंपाकघरातल्या फडताळाला कुलूप लावलं आहे. किल्ली मंगळसूत्रात अडकवून झोपते. गल्लीतल्या बायका म्हणतात पोरीला भस्म्या झाला. जंतांचं औषध झालं, अंगारा झाला, इथल्या डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, कमी खायला द्या. एवढंच सांगायचं होतं तर फी कशाची घेतली कोण जाणे.

कुंदाशी या विषयावर बोलायला गेलं की ती रडते नाहीतर भांडी आपटते. आई गेल्यापासून मला विचारायला तूच आहेस. काय करू ते कळव.

मिलमध्ये सध्या तुरीचा हंगाम आहे, भंवरलालशेठ श्वास घेऊ देत नाहीत. बाकी ठीक. तुझं आमच्याकडे लक्ष असतं त्या भरवशावर आम्ही आहोत, ते तसंच राहू दे.

तुझा
लीलाधर


धुळे
११ फेब्रुवारी १९९७

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं आणि राग पण आला. राग वैजूचा नाही, तुम्हा दोघांचा. एकुलती एक म्हणून पोरीला तळहातावरच्या फोडासारखी जपली, रडली की तोंडात घास कोंबला, आता तेच अंगावर आलं. तान्ही असताना ती रडायची थांबत नव्हती तेव्हाच मी कुंदाला म्हटलं होतं की प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. पण नणंदेचं बोलणं कोणाला गोड लागतं?

भस्म्याबिस्म्या काही नाही. जिभेला वळण नाही, दुसरं काय! तू लहानपणी गूळ चोरायचास, आईने एकदा उलथनं दाखवलं आणि तुझं चोरणं बंद झालं. (पूर्ण बंद झालं नाही हे मला माहीत आहे, पण आईला वाटत होतं.)

शाळेला सुट्टी लागली की वैजूला माझ्याकडे पाठव. उन्हाळ्यात माझं ज्वारीच्या बिबड्याच्या पापडांचं आणि कुरडयांचं काम सुरू होतं. या वर्षी पुण्यामुंबईचीही गिऱ्हाइकं आहेत. तिला कामाला लावीन, वेळेवर दोन घास घालीन, मधे काही नाही. महिन्याभरात सुतासारखी सरळ करून पाठवते.

हे पत्र कुंदाला वाचून दाखवू नकोस, उगाच तोंड फुगवेल. तिला एवढंच म्हण की अक्काला हाताखाली कोणीतरी हवं आहे.

तब्येतीला जप. थोरल्या बहिणीचा शब्द कडू लागला तरी मनात धरू नकोस.

अक्का


धुळे
२४ मे १९९७

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

वैजू इथे आल्यापासून मी तुला दोन कार्डं टाकली, दोन्हींत मजेत आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं. आज नीट बसून लिहिते.

पहिला आठवडा मी कडक राहिले. सकाळी एक भाकरी, दुपारी एक, रात्री एक, भाजी आणि ताक. पोर दिलं तेवढं खाऊन उठायची. बिबडे थापायला बसवली तर हात असे चालायचे की शेजारची तानुबाई म्हणाली, एवढ्या वयात अशी गोल चकती माझ्या सुनेलाही येत नाही. मला वाटलं, जिंकलं. मग रोज सकाळी खाटेवरचे ओले बिबडे कमी दिसायला लागले. आधी कावळ्यांना शिव्या दिल्या. एक दिवस बिबड्यांच्या पिठाचा घाटा शिजवून पातेलं उतरवलं आणि पाणी आणायला गेले, आले तर ही त्या गरम घाट्यात हात घालून खात होती. बोटं भाजून लाल झालेली, तरी हात बाहेर काढेना. मी तिला मारलं, लीलाधर. चांगलंच मारलं.

मग मला सुचलं की एकादशीचा कडक उपास घडवावा, म्हणजे पोटाला शिस्त लागेल. त्या दिवशी दुपारी ती दिसेना. आमच्या मागच्या अंगाला गिरधरचा गोठा आहे, तो मला हाक मारत आला. वैजू म्हशीच्या घमेल्यातली भिजवलेली सरकीची ढेप खात होती. म्हैस एका बाजूने आणि ही एका बाजूने. गिरधर हसत आला होता, पण तिच्याजवळ पोचेपर्यंत त्याचं हसू गेलं.

मी तिला घरी आणली, धुतली, आणि माझा हट्ट तिथेच संपला. म्हटलं, आज हिला पोटभर घालायचं. खिचडी केली, पातेलंभर. ती खात गेली आणि मी वाढत गेले. शेवटी पोट तडस लागून दुखायला लागलं, वाकून बसली, डोळ्यांत पाणी आलं आणि तरी हात पातेल्याकडे. मी विचारलं, अगं भरलं ना पोट, मग आता काय? तर म्हणाली, “आत्या, पोट भरी गयं, पन भूक जात नही.”

लीलाधर, बहात्तरच्या दुष्काळात मी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या आहेत, खडी फोडायला गेले आहे. उपाशी माणूस मला कळतो. रस्त्याने चालताना, झोपताना, देवापुढे हात जोडताना एकच गोष्ट डोक्यात असते. या पोरीच्या डोळ्यांत मला ते दिसलं, आणि तिचं पोट तर भरलेलं होतं. हा लाडाचा प्रकार नाही. कुंदाबद्दल मी जे लिहिलं होतं ते पत्र फाडून टाक.

इथे एक तरुण डॉक्टर आले आहेत, मुंबईहून शिकून. त्यांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ तिची चौकशी केली, जन्मापासून रडण्याची, भुकेची, वाढीची. म्हणाले हे मेंदूशी संबंधित असू शकतं, मुंबईला त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे न्या. चिठ्ठी देतो म्हणाले. ही खोड नाही, यात आपल्या घरातल्या कोणाचाच दोष नाही एवढं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

गुरुवारी तिला घेऊन येते. तिच्या बोटांवर अजून फोड आहेत. कुंदाला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल मनात किल्मिष ठेवू नकोस एवढंच मागणं.

अक्का


मेहरूण, जळगाव
१९ ऑक्टोबर १९९७

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मुंबईहून काल परत आलो. भंवरलालशेठनी सुट्टी दिली आणि त्यांच्या भाच्याकडे उतरायची सोय पण केली, नाहीतर अवघड होतं. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. एवढं साधं करून कोणी मला आजवर काही समजावलं नव्हतं.

अंगातली चरबी नुसती साठून राहत नाही म्हणे. ती एक रस तयार करते, आणि तो रक्तातून मेंदूत जातो. मेंदूच्या तळाशी भुकेचं ठाणं आहे. त्या ठाण्यात तो रस धरून घेणाऱ्या बारीक बारीक जागा असतात. रस तिथे बसला की मेंदूला कळतं, घरात साठा आहे, आता पुरे. नाही बसला तर मेंदू समजतो की माणूस उपासमारीने मरायला टेकला आहे, आणि मग तो खा खा म्हणून ओरडत राहतो. पोटात काय आहे याच्याशी त्याला फारसं घेणं नसतं. बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या मेंदूला जन्मापासून वाटतंय की दुष्काळ पडला आहे. तुझं मिलोचं वाक्य मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी ते परत विचारून घेतलं.

हा रस सापडूनच तीन वर्षं होतायत. त्यामुळे इथल्या डॉक्टरांना माहीत नसलं तर त्यांचा दोष नाही.

आता मुख्य गोष्ट. यात दोन शक्यता आहेत. एक, वैजूच्या अंगात तो रस तयारच होत नसेल. तसं असेल तर आशा आहे. विलायतेत अशी दोन मुलं सापडली आहेत आणि तो रस बाहेरून सुईने द्यायचा प्रयत्न तिकडे सुरू होतो आहे. बाईंचे गुरू तिकडे आहेत, त्या वैजूचं नाव त्यांना कळवतील. दुसरी शक्यता, रस भरपूर आहे पण मेंदूतली तो धरून घेणारी जागाच जन्मतः बिघडलेली आहे. मग बाहेरून कितीही ओता, उपयोग नाही. त्यावर आज जगात कुठेही औषध नाही. फक्त पहारा.

रक्त घेतलं आहे, ते तपासायला बाहेर जाणार. चार-पाच महिने लागतील. रस नाही असा निकाल आला तर पेढे वाटायचे आणि भरपूर आला तर संपलं, असं हे उलटं गणित आहे.

बाई हे सांगत होत्या तेव्हा कुंदा आत नव्हती. समोरच कॅन्टीन होतं, वड्यांचा वास येत होता, आणि वैजूला दोन्ही हातांनी धरून ती बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं की रक्त तपासायला गेलं आहे, त्यात एक रस बघणार आहेत. आधीच आशा लावून काय करायची? निकाल आला की सांगेन.

एक मात्र झालं. मी वैजूवर हात उचलणं बंद केलं आहे. कुलूप आहेच.

तुझ्या मायेची सावली अशीच असू दे.

लीलाधर


धुळे
२ डिसेंबर १९९७

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

मी एकवीरेला नवस बोलून आले. देवीपुढे उभी राहिले आणि काय मागावं हेच क्षणभर सुचेना. आजवर देवाकडे भरपूर मागितलं, धान्य, पाऊस, आयुष्य. या वेळी म्हटलं, माये, माझ्या भाचीच्या रक्तात तो रस टिपूसभर पण नसू दे. शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडे वळून बघायला लागली. तिला काय सांगणार?

कुंदाला तू अजून सांगितलं नसशील तर घाई करू नकोस. तिचा जीव आधीच थोडा. मी पण तिला काही लिहीत नाही.

बिबडे आता घरात ठेवत नाही. वैजू परत यायची झाली तर तिच्यासमोर नकोत. थंडी फार आहे, छातीला तेल लावत जा. वेळोवेळी दोन ओळी टाकत राहा, जीव टांगणीला लागलेला असतो.

अक्का


मेहरूण, जळगाव
१८ मार्च १९९८

ती. अक्कांस,
कुंदाचा सा. न. वि. वि.

लग्नाला बारा वर्षं झाली, तुम्हाला मी पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. घरातली पत्रं तुम्ही बहीणभाऊ लिहायचात, मी फक्त तळाशी नमस्कार सांगायची. आज मलाच लिहायचं आहे, चुकलंमाकलं तर पोटात घाला.

होळीच्या दिवशी हे तूर खरेदीला अकोल्याला गेलेले होते. दुपारच्या टपालाने मुंबईचं पाकीट आलं. इंग्रजीत होतं. समोरच्या मारवाड्यांची सून कुसुमलता बी.कॉम. झालेली आहे, तिच्याकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, भाभी, तो जो रस बघायचा होता ना, तो खूप आहे, पाहिजे त्याच्या कितीतरी पट. मी दोनदा विचारलं, कमी नाही ना? ती म्हणाली, कमी मुळीच नाही, भरपूर आहे.

अक्का, मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे दूध भरपूर, पाणी भरपूर, पीक भरपूर असं म्हटलं की बाया देवापुढे दिवा लावतात. मी दिवा लावला. मला वाटलं पोरीत काही कमी नाही, माझी पोर बरी आहे. कुसुमलतेच्या हातावर साखर ठेवली. आणि मंगळसूत्रातली किल्ली काढून फडताळ उघडलं. सताड उघडं ठेवलं.

वैजू दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, घेऊ? मी म्हटलं घे. ती दोन पावलं आली आणि परत विचारलं. मी म्हटलं, बाई, आज सगळं तुझं आहे, तुझा रिपोर्ट चांगला आला. ती इतकी हसली की मला तिच्या गालावरची खळी दिसली. ती खळी आहे हे मी विसरूनच गेले होते.

पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. ती खात होती आणि मी तव्यावरून काढून थेट तिच्या पानात टाकत होते. मग शेव, मग शेंगदाणे, मग डब्यातला गूळ, मग कच्चं पीठ. मी अडवलं नाही. मी समोर बसून बघत होते आणि सुखाने रडत होते. संध्याकाळी ओकली. तोंड धुतलं आणि परत बसली. बाहेर होळी पेटली, ढोल वाजायला लागले, सगळी पोरं तिकडे धावली. ही फडताळाजवळच.

मग दिवेलागण होऊन गेल्यावर ती उठली. पोट धरून चालत होती. फडताळाची दारं तिने स्वतः लोटली, कुलूप शोधलं आणि माझ्या हातात आणून दिलं. म्हणाली, “माय, कुलूप लाई दे. खाईसन बी जात नही.”

मी लावलं. त्यानंतर ती ओसरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलं आहे, पण काय ते कळेना.

हे दुसऱ्या दिवशी आले. पाकीट वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग सगळं सांगितलं. ते दोन प्रकार, ती सुई, विलायत, आणि आता ती सुई हिच्या उपयोगाची नाही ते. मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, ऑक्टोबरपासून. म्हणाले, अक्काला लिहिलं होतं सगळं.

अक्का, तुम्हाला माहीत होतं. भरपूर निघालं तर माझ्या पोरीचं काही खरं नाही हे धुळ्याला माहीत होतं, मुंबईला माहीत होतं, आणि या स्वयंपाकघरात माहीत नव्हतं. किल्ली माझ्या गळ्यात आणि मलाच काही माहीत नाही. तिला आयुष्यात एकदा मी पोटभर आशा दिली आणि संध्याकाळी ती तिची तिनेच परत आणून दिली. हे मी कोणाला सांगू?

मी भांडायला लिहिलेलं नाही. आता ती मला रोज विचारते, माय, मग कधी जाईल? मी भाजी चिरत बसते. यापुढे वैजूबद्दल जे काही लिहायचं ते मला लिहा. मी रडेन, भांडी आपटेन, पण वाचेन.

आपल्या पायांशी मान आहेच.

कुंदा


धुळे
२३ मार्च १९९८

चि. सौ. कुंदा हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. परत वाचायची छाती झाली नाही. तू म्हणालीस त्यातला एकही शब्द खोटा नाही. तुझा जीव थोडा म्हणून तुला सांगू नका असं मीच लीलाधरला लिहिलं होतं. थोडा जीव तुझा नव्हता, आम्हा दोघांचा होता. यापुढे पाकिटावर तुझंच नाव असेल.

धुळ्याच्या डॉक्टरांना परत विचारून आले. त्यांनीही तेच सांगितलं. रस मेंदूच्या दारापर्यंत येतो आहे, घेणारं कोणी नाही. आज औषध नाही, पुढे कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. तोवर मोजून खाणं, चालणं आणि डोळ्यात तेल घालून पहारा. एकट्या बाईने हे जन्मभर करायचं म्हणजे तिचा जीव जाईल. लीलाधर मिलमध्ये असतो, आणि घरी असला तरी पोरीने हात पसरला की तो विरघळतो, हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून मी बिबड्याचं काम तानुबाईच्या सुनेला देऊन टाकलं आहे. माझी दोन लुगडी आणि देव घेऊन रविवारच्या सकाळच्या एस.टी.ने निघते. मला वेगळं काही करून वाढू नकोस. वैजूला जेवढं देशील तेवढंच मी जेवेन, तिच्याच शेजारी बसून. म्हातारीला तेवढं पुरतं.

आणि एक. ती विचारते ना, कधी जाईल? तू उत्तर देऊ नकोस. मी तिला जवळ घेऊन सांगणार आहे की तू हावरी नाहीस, चोर नाहीस, तुझी भूक खरी आहे, आणि ती जाणार नाही. हे तिला एकदा कोणीतरी सांगायला हवं, नाहीतर ती जन्मभर वाट बघत बसेल. पण हे आईच्या तोंडून तिने ऐकू नये. तुझ्यावर रागावणं तिला परवडणार नाही. माझा राग येऊ दे तिला, बोलू दे मला काय बोलायचं ते. मी पूर्वी तिला मारलेलं आहे, तिला ते सोपं जाईल.

रविवारपर्यंत काही विचारलं तर म्हण, आत्या येते आहे, ती सांगेल.

मोठेपणाचा मान नको, घरात एक कोपरा दे, एवढाच लोभ असू दे.

सुनंदा